नाव परत पाठवा

दूधविनायक, वाराणसी
१० डिसेंबर २०२३, रविवार

प्रिय सुमंत,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील, आणि पत्र वाचावं की फाडावं असा विचारही केला असशील. फोनवर माझा नंबर तू बंद केला आहेस, हे मला सुनेने समजावून सांगितलं. म्हणून पोस्टाने. नाशिकचा पत्ता तुझ्या इथल्या बँकेतून मिळवला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी लग्नपत्रिकेची थाप मारली.

भांडण उकरून काढायचं नाही. काल एक गोष्ट घडली, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

काल दुपारी चारच्या सुमारास मी रामघाटावर शेंगदाणे खात बसलो होतो. यंदा धुकं लवकर उतरलं आहे. बांधलेल्या नावांची नुसती नाकं दिसत होती, त्यापुढे नदी आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. आणि पलीकडून, रेतीच्या बाजूने, हाक आली. ‘रत्नाकर!’

निमिष कशी हाक मारायचा ते तुला माहीत आहे. ‘रत्ना’ लांब ताणायचा आणि ‘कर’ खाली टाकून दिल्यासारखा. अगदी तशीच.

मला भास झाला म्हणशील. पण शेजारी एक बाई पायरीवर साडी वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली, इकडेतिकडे पाहिलं. घाटावर आम्ही दोघंच होतो. “आपको बुला रहे हैं,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “मेरा नाम रत्नाकर नहीं है.”

शेंगदाण्याची पुडी तिथेच राहिली. घरी आलो आणि दार लावून घेतलं.

सात जानेवारीला वर्ष होईल. निमिष गेला त्यात आपला दोष नव्हता. त्याला आणायला नाव परत घेऊन जा असं मी काशीनाथ नावाड्याला सांगितलं होतं आणि तो गेला नाही, हे मी पोलिसांना सांगितलं, त्याच्या बायकोला, अन्नपूर्णा वहिनींना सांगितलं, तुलाही सांगितलं. तू फोनवर “नक्की सांगितलंस ना?” असं विचारलंस आणि मी तुला नको ते बोललो. त्याची माफी मागतो. एवढंच.

तुझा,
रत्नाकर


१७ डिसेंबर २०२३

प्रिय सुमंत,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

आज सकाळपासून आपले शनिवार आठवतायत. अकरा हिवाळे, महिन्यातून एक शनिवार. घाटावर प्यायची सोय नाही आणि घरी आमच्या गल्लीत बाटलीचं झाकण उघडलं तरी चार खिडक्या उघडतात, म्हणून पलीकडच्या रेतीवर. तू पुण्याहून गव्हाची ती फिकट बिअर आणायचास, लवंगेचा वास येणारी. निमिष काळी, कॉफीसारखी. आधी कुणाकुणाकडून मागवायचा, पुढे हिमानी बंगळूरला शिकायला गेली तेव्हापासून बापासाठी तीच आणायची. आणि माझी कायम चौकाघाटच्या दारूच्या ठेक्यावरची कडक, हिरव्या बाटलीतली. नियम निमिषचा: आपण आणलेली आपण प्यायची नाही, दुसऱ्याला पाजायची आणि तो पीत असताना त्याचं तोंड बघायचं. “स्वतःच्या आवडीची चव दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कळते,” म्हणायचा. केमिस्ट्री शिकवणारा माणूस, पण बोलायचा असं. आणि कुल्हड त्याचाच हट्ट. तू पहिल्यांदा म्हणालास, “मातीच्या भांड्यात बिअर? ताक आहे का?” मग तुलाच काचेचा ग्लास नकोसा झाला.

आता जे लिहितो ते शांतपणे वाच.

परवा घाटावर श्रीराम मल्लाह भेटला, नाव चालवणारा. मी सहज विचारलं, शनिवारी दुपारी पलीकडे नाव का जात नाही? त्याने आधी दोर खुंटीला बांधला. मग म्हणाला, “जाती है बाबूजी. लौटती भारी है.” म्हणजे काय ते त्याने हाताने दाखवलं. जाताना चार सवाऱ्या असतील तर नाव जेवढी पाण्यावर असते, येताना त्याच चार सवाऱ्यांनी चार बोटं खाली बसते. मागच्या फळीवर कुणी नसतं. अलीकडे आल्यावर सगळे उतरले तरी नाव उचलत नाही, थोड्या वेळाने आपसूक उचलते. “पर घाट पे कोई उतरता दिखता नहीं. फिर भी चला जाता है,” श्रीराम म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही.

काल शनिवार. घाटावर जायचंच नाही असं ठरवलं. सून माहेरी, मुलगा कामावर. वाटलं, निमिषच्या नावाने एक कुल्हड ओतावा. ठेक्यावरून माझ्याच तीन हिरव्या बाटल्या आणल्या होत्या. झाकण उघडलं, आवाज आला नाही. ओतली, फेस नाही. एक बुडबुडासुद्धा नाही, सुमंत, नुसतं पिवळं पाणी. ठेकेवाल्याला शिव्या देत दुसरी उघडली, तीही तशीच. घड्याळात चार वाजून गेले होते. साडेपाचला तिसरी उघडली, तर फसफसून टेबलभर झाली.

आधीच्या दोन्ही तशाच ठेवून बघितल्या. वासही नव्हता. कुणीतरी त्यांतलं जे काही प्यायचं असतं तेवढं पिऊन घेतल्यासारखं.

रत्नाकर


२४ डिसेंबर २०२३

सुमंत,

वहिनींकडे गेलो होतो. दहा महिन्यांनी. गेलो म्हणजे त्यांनी बोलावलं.

रामघाटावरचं घर तसंच आहे. खाली वेदपाठशाळेची मुलं संथा म्हणत होती, वर वहिनी एकट्या. हिमानी पुढच्या आठवड्यात येणार म्हणाल्या. मला पाट दिला, चहा दिला. मग आतून स्टीलचा एक डबा आणला, पोह्यांचा असतो तेवढा, आणि माझ्यासमोर उघडला.

आत रेती होती. पांढरी, कोरडी. पलीकडची. अलीकडच्या काठाला गाळ आहे, तुला माहीत आहे, इकडे तसली रेती मिळत नाही.

“दर शनिवारी संध्याकाळी उंबऱ्याबाहेर असते,” वहिनी म्हणाल्या. “बूट झटकल्यासारखी. आत येत नाही. पहिल्यांदा केरात टाकली. मग टाकवेना.”

मी म्हटलं, “पाठशाळेची मुलं आणत असतील पायाला.”

“मुलं अनवाणी असतात, रत्नाकर भावजी. ही बुटांतली आहे. टाचेचा आकार असतो.”

मी चहाकडे बघत राहिलो. त्यांनी डब्यातली रेती बोटाने सारखी केली. मग म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्ही काशीनाथला काय म्हणालात, ते शब्द मला सांगा. जसेच्या तसे.”

मी म्हटलं, “मी म्हटलं, काशीनाथ, साहेबांना घेऊन ये.”

“हिंदीत काय म्हणालात?”

“साहब को ले आओ.”

“आणि तो?”

“हो म्हणाला.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “काशीनाथच्या नावेत आता कुणी बसत नाही. त्यांच्या पंचायतीने वर्षभर घाट बंद केला त्याला. त्याची बायको माझ्याकडे येऊन रडली. मी तिला हाकलून दिलं. चूक केली का मी?”

मी म्हटलं, “नाही.”

खाली उतरताना जिन्यात माझ्या पावलांखाली काहीतरी करकरलं. मी खाली बघितलं नाही.

रत्नाकर


३१ डिसेंबर २०२३

सुमंत,

आता लिहितो. तू हे कुणालाही दाखवलंस तरी चालेल.

त्या शनिवारी निमिष माझ्या बिअरबद्दल काय बोलला ते तुला आठवत असेल. माझी बाटली त्याच्या वाट्याला आली होती. एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, “रत्नाकर, अकरा वर्षं आम्ही दोघं तुझ्या भिडेखातर हे पितोय. आज खरं सांगू? घोडासुद्धा याहून बरं मुततो.” तू हसलास. खूप हसलास, कुल्हड सांडला तुझा. मीही हसलो.

पण मला लागलं ते. तुम्ही दोघं शिकलेले, हिंडलेले. मी इंजिनांच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. दर वेळी ठेक्यावर जाऊन थंडातली थंड बाटली निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचो. अकरा वर्षं माझ्या आवडीची चव तुमच्या चेहऱ्यावर मी बघत होतो, आणि ते चेहरे खोटे होते.

तुझी रेल्वेगाडी होती, म्हणून आपण निघालो. निमिष म्हणाला, “तुम्ही व्हा पुढे, मी एवढं संपवतो. नाव परत पाठवा.” माझीच बाटली संपवत होता तो. हेही मला नंतर कळलं. तेव्हा कळलं नाही.

अलीकडे आलो. तू बॅग घेऊन पायऱ्या चढायला लागलास. काशीनाथने विचारलं, “बाबूजी, साहब को ले आएँ?” मी म्हटलं, “रहने दो. पुल से पैदल आ जाएँगे. जरा उतरने दो उनकी.”

काशीनाथ म्हणाला, “कोहरा गिर रहा है बाबूजी.” मी म्हटलं, “कहा ना.”

रेतीवरून राजघाटच्या पुलापर्यंत चालत तासभर लागतो. दिवसाउजेडी कितीतरी लोक जातात. एवढाच हिशेब होता माझा. तासभर चालेल, थंडीत कुडकुडेल, दारात येऊन मला शिव्या घालेल, आणि मी म्हणेन, घोडा पोचला का?

अर्ध्या तासात धुकं असं दाटलं की समोरचा हात दिसेना. तिसऱ्या दिवशी तो पुलाच्या खांबापाशी सापडला. काठ समजून पाण्यात उतरला असणार.

पोलिसांनी विचारलं तेव्हा काशीनाथ माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्यादेखत म्हटलं, मी याला जायला सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. फार नाही, एवढंसं. मग मान खाली घातली. मल्लाहाचं कोण ऐकणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

रत्नाकर


७ जानेवारी २०२४

सुमंत,

काल गेलो होतो पलीकडे.

सकाळी काशीनाथच्या घरी गेलो. तो जाळं विणत बसला होता. मी म्हटलं, मला आज चार वाजता पलीकडे ने. त्याने बराच वेळ गाठ मारली. मग म्हणाला, “ले चलूँगा. लौट के आप बोलेंगे. सबके सामने.” मी म्हटलं, बोलेन.

तीन बाटल्या घेतल्या. तुझी गव्हाची इथे आता मिळते. काळी एका हॉटेलातून मिळवली. तिसरी माझी. तीन कुल्हड.

नदीच्या मध्यावर गेल्यावर मागचं काही दिसेना आणि पुढचंही. वल्ह्याचा आवाज तेवढा. मग तोही वेगळा यायला लागला, म्हणजे दोन वल्ही पडतात आणि तिसरा आवाज त्यांच्या मागोमाग. काशीनाथने वल्ही थांबवली. तिसरा आवाज एकदा आला आणि थांबला.

रेतीवर उतरलो. काशीनाथ नावेतच बसून राहिला. आपली जागा मला सापडली नाही, सगळी रेती सारखी. मग एका ठिकाणी बसलो तर ऊब लागली. थंडीत जमिनीवर टेकलेला हात गारठत होता आणि तेवढी रेती कोमट, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

तीन कुल्हड भरले. तुझा तुझ्या जागी. माझ्यापुढे काळी. आणि माझी, हिरव्या बाटलीतली, समोर. फेस आला. चांगला बोटभर आला.

मी म्हटलं, “निमिष, पी. नाही आवडली तर सांग.”

काही झालं नाही. मी काळीचा घोट घेतला. धुकं एवढं जवळ आलं होतं की कुल्हडाची पलीकडची कड दिसत नव्हती. मग माती पाणी शोषते तसा बारीक चर्र आवाज आला, आणि समोरच्या कुल्हडातला फेस खाली बसायला लागला. हळूहळू. घोट घ्यावा, थांबावं, पुन्हा घोट घ्यावा तसा. मी बघत राहिलो. चेहरा दिसत नव्हता, सुमंत. अकरा वर्षं बघितलेला चेहरा मला हवा होता आणि तिथे पांढरं धुकं होतं.

कुल्हड रिकामा झाला. बुडाशी ओल होती फक्त.

मी म्हटलं, “चल. नाव आणली आहे.”

येताना नाव खाली बसली होती. काशीनाथ ओणवा होऊन वल्हवत होता, कपाळावर घाम. मागच्या फळीकडे आम्ही दोघांनी बघितलं नाही. घाटाला लागलो तेव्हा मी उतरलो, काशीनाथ उतरला, आणि नाव तशीच जड. आम्ही पायरीवर उभे राहिलो. मग पाणी हललं आणि नाव एकदम उचलली, दोर ताणला गेला.

ओली पावलं दिसली नाहीत. पण काशीनाथने कडेला सरकून वाट दिली. मीही दिली.

घाटावर श्रीराम होता, आणखी दहाबारा मल्लाह होते. मी बोललो. जे मी त्या दिवशी बोललो होतो ते सगळं, हिंदीत, मोठ्याने. श्रीरामने विडी पाण्यात टाकली. काशीनाथ माझ्याकडे न बघता निघून गेला.

उद्या वहिनींकडे जाणार.

रत्नाकर


१४ जानेवारी २०२४

सुमंत,

वहिनींना सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, पाट घेतला नाही. हिमानी दारात उभी होती. ती मधेच आत निघून गेली, मग आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

वहिनी रडल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाच्या पिंपामागून एक बाटली काढून आणली. काळी. हिमानीने बापासाठी गेल्या वर्षी आणलेली शेवटची. दोन फुलपात्रांत त्यांनी ती ओतली, चहा ओततात तशी, वरून धार धरून. फेस ओट्यावर सांडला.

एक माझ्यापुढे सरकवलं. दुसऱ्यातला घोट त्यांनी घेतला. आयुष्यातला पहिला असणार. गिळताना डोळे मिटले.

“कडू आहे,” म्हणाल्या. “याच्यासाठी तिकडे जात होता?”

मी म्हटलं, “याच्यासाठी नाही, वहिनी. आमच्यासाठी.”

त्यांनी सगळं संपवलं. मला म्हणाल्या, “प्या.” मी प्यायलो. मग विचारलं, “किती वेळ हाका मारल्या असतील त्याने?”

हाकांचं मी तुला मागच्या पत्रांतही लिहिलं नव्हतं. वाटलं होतं, कधीच लिहावं लागणार नाही.

मी म्हटलं, “मी तीन ऐकल्या.”

“आणि?”

“आणि घरी गेलो.”

हिमानी आतून आली होती. ती आईला धरून उभी राहिली. वहिनी म्हणाल्या, “भावजी, या घरी पुन्हा येऊ नका.” मी जिना उतरायला लागलो, तेव्हा वरून म्हणाल्या, “आणि यापुढे कुणीही हाक मारली तर ओ द्या. कुणीही.”

पोलिसांत जबाब लिहून दिला आहे. पुढे काय होईल ते होवो. काशीनाथ कालपासून सवाऱ्या नेतोय. उद्या संक्रांत, घाटावर गर्दी असेल, त्याची नाव भरेल. वहिनींच्या उंबऱ्यावर काल काही नव्हतं, असं हिमानीने फोन करून सांगितलं. एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

मला वाटलं, संपलं. काल चार वाजता मी घाटावर गेलो, संपलं का ते बघायला. धुकं होतं. बराच वेळ काही आलं नाही. मी उठलो आणि तेव्हा पलीकडून हाक आली. तोच आवाज. मी ओ द्यायला तोंड उघडलं.

हाक माझी नव्हती.

त्या दिवशी पहिली हाक आली तेव्हा मी खाली काशीनाथपाशी होतो, आणि तू वरून तिसऱ्या पायरीवर. तू थांबलास. बॅग खाली ठेवलीस, नदीकडे वळलास. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. मग तू घड्याळ बघितलंस आणि बॅग उचललीस.

फोनवर तू मला विचारलंस, नक्की सांगितलंस ना? मी तुला हे कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही.

पण काल तो सुमंत म्हणत होता. ‘सु’ लांब, आणि ‘मंत’ खाली टाकून दिल्यासारखं. तीनदा. मी ओ दिली, वहिनींनी सांगितलं होतं म्हणून. त्याने ऐकून घेतलं असावं. मग पुन्हा तेच नाव घेतलं.

रत्नाकर